रांजण मोजणारे तात्या

तात्यांना कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ते आधी तो हातात तोलून बघत. मग पीत, उरलेलं पाणी पुन्हा तोलत आणि तांब्या परत देताना यजमानाला सांगत, "अर्ध्याला थोडं कमी प्यालो." नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला पाणी आवडलं नाही. तसं काही नसे. आपण कुणाच्या घरचं किती पाणी संपवलं, हे त्या घराला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमचं गाव मिरजगावच्या पुढे दोन कोसांवर. तात्या मूळचे कुठले ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी कालव्याच्या खात्यात पाणी मोजण्यात घालवली होती. लग्न केलं नव्हतं. भाऊ-बहीण कुणी नव्हतं. नोकरीत असताना एकदा आमच्या शिवारात त्यांचा तंबू पडला होता. तेव्हा इथलं पाणी गोड लागलं, म्हणून पेन्शन झाल्यावर ते एक पत्र्याची ट्रंक आणि एक लांब बांबू घेऊन इथं आले आणि चावडीमागच्या खोलीत राहिले. बांबूवर दर हातावर तांबड्या लाखेचं कडं होतं. बोलताना दर दोन वाक्यांनी 'गॅलन' यायचं, म्हणून गावानं त्यांचं नाव ग्यालनतात्या ठेवलं. त्यांना ते मुळीच लागलं नाही. उलट कुणी नुसतं 'तात्या' म्हटलं तर 'कोणता?' म्हणून विचारायचे.

ते परातीत बसून आंघोळ करत. दोन तांबे पाणी. परातीत साचलेलं पाणी खोलीच्या भिंतीवर चढवलेल्या दोडक्याच्या वेलाला. वेल जोरदार आला होता.

"हा वेल पूर्ण माझ्या आंघोळीवर उभा आहे," ते अभिमानानं सांगत.

"म्हनूनच तुमचं दोडकं कुनी फुकाट बी न्हेत न्हाई," समोरच्या घरातून बायजामावशी म्हणत.

बायजामावशी विधवा, एकटी, आणि गावात सर्वांत धारदार जिभेची बाई. तात्यांशी दिवसातून दोनदा भांडल्याशिवाय तिला भाकरी गोड लागत नसे. तात्याही तिच्याशी अगदी साहेबी अदबीनं भांडत. बैलांनासुद्धा ते अहो-जाहो करत, मग मावशीला तर करणारच.

माणसं ते हंड्यांवर मोजत. पाटील सहा हंड्यांचे, कारण त्यांना रोज न्हायला लागायचं. गावचा कुंभार आठ हंड्यांचा, त्यातले पाच चिखलाचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण किती?" मी काही बोलेपर्यंत त्यांनीच ठरवलं, "दीड. पुण्यात राहिलेला दिसता."

मी त्या वर्षी बी.ए. होऊन घरी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीसुद्धा पुरी केलेली नव्हती. दहाव्या वर्षापासून मी बाहेर, आधी कर्जतला, मग नगरच्या बोर्डिंगात, मग पुण्यात. नोकरीसाठी अर्ज धाडून उत्तराची वाट बघत मी ओट्यावर बसलेला असे. येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकानं बघत, पण माझं करायचं काय, हे कुणालाच कळत नव्हतं. वडिलांनी मला औताला हात लावू दिला नाही. शिकलेल्या हाताला फोड येतील म्हणून. त्या दिवसांत त्या पदवीचा मला आधार कमी आणि संकोच जास्त वाटत होता.

तात्यांना तसलं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अहो बी.ए., गुणाकार येतो ना? मग चला." तेव्हापासून ते मला 'बी.ए.' अशीच हाक मारत. माझ्या पदवीचा कुणीतरी पहिल्यांदा उपयोग केला, तो त्यांनी. हे ऋण मी अजून विसरलेलो नाही.

काम असं होतं. गावचा आड केव्हाच गाळानं भरून निकामी झालेला. माघ सरला की बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरत. गावाच्या वर माळाच्या कडेला चाचांची विहीर होती. चाचा म्हणजे गावातल्या चार मुसलमान घरांतले वडीलधारे. त्यांनी त्या विहिरीवर दोन एकर मोसंबी लावली होती, आणि त्या दुष्काळी मुलखात ती हिरवी चौकट कोसभरावरून दिसायची. विहीर गावापेक्षा उंचावर. मोटेनं पाणी वर काढून सोडलं तर ते आपल्या पायांनी गावात येईल, हे तात्यांनी आल्या आल्या हेरलं होतं. प्रश्न एवढाच, की गावाला लागतं किती आणि विहीर देते किती.

विहिरीचं सोपं होतं. रोज झुंजुमुंजू व्हायला तात्या बांबू घेऊन पायऱ्या उतरत, रात्रीतून पाणी किती हात चढलं ते बघत, आणि वर येऊन चाचांना विहिरीची तब्येत सांगत. "आज चांगली झोप झालीय तिला." पौष महिनाभर त्यांनी हे केलं.

गावाचं मात्र अवघड गेलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं नदीच्या वाटेवर बाभळीखाली बसलो. येणाऱ्या प्रत्येक घागरीला मी वहीत एक रेघ मारायची. दुपारपर्यंत जेमतेम दीडशे रेघा झाल्या. तात्या आश्चर्यानं बघत राहिले. सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. एवढ्या पाण्यात माणसं काय, कोंबड्याही जगणार नाहीत. संध्याकाळी माझ्या आईनं उलगडा केला. गावात बातमी पसरली होती, की सरकार पाण्यावर पट्टी बसवणार आणि ग्यालनतात्या त्याचीच नोंद घेतायत. बहुतेक बायका ओढ्याच्या आडवाटेनं घागरी घेऊन गेल्या होत्या.

तात्यांनी चावडीवर उभं राहून खुलासा केला. पट्टी नाही, उलट नळानं पाणी आणायचंय, आणि गरजेप्रमाणे प्रत्येक आळीला हौद बांधायचाय. आठवड्यानं पुन्हा बाभळीखाली बसलो. या वेळी दहा वाजताच वहीचं पान भरलं. बायजामावशी एकटी अकरा वेळा गेली.

"मावशी, ही आपली अकरावी घागर," तात्या म्हणाले.

"मंग? तहान लागलीया."

"आणि ही रिकामी आहे."

"वाटंत पिले की," मावशी म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसत निघून गेली. ज्या आळीच्या घागरी जास्त, तिथं मोठा हौद, असा गावानं अर्थ काढला होता. काही जणी घागर वाटेत ओतून परत येत होत्या.

मला राग आला. तात्या मात्र वही मिटून पोटभर हसले. "बी.ए., माणसं वाटेवर खोटं बोलतील. घरात नाही बोलत. चला, रांजण बघू."

मग आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक घरात पाण्याचा रांजण असतो, रोज सकाळी तो भरतात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत संपतो. रांजणाचं पोट त्या घराला बरोबर बेतलेलं असतं, पिढ्यानपिढ्या. तात्या सुतळीनं रांजणाचा घेर घेत, बांबू आत घालून खोली बघत, आणि मी हंड्यांत आकडा काढी. पंधरा दिवसांत सगळं गाव झालं. वेशीबाहेरची महारांची वस्तीही झाली. तिथल्या बायकांना तर झिऱ्यावरही दुसऱ्यानं वरून ओतलं तर पाणी मिळे. पाटील म्हणाले, "तात्या, त्यांचं मागनं बघू. आधी गावाचं हू द्या. त्यांचं शेवटाला."

"पाटील, नळाला शेवट नसतो. उतार असतो," तात्या म्हणाले आणि कागदावर वस्तीच्या हौदासाठी नळाची शाखा गावाच्या पहिल्या हौदाच्याही आधी काढली. पाटील आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्यांनी ते आठ दिवस झालेत हे मोजून ठेवलं होतं.

सगळा मिळून आकडा आला: रोज पंच्याहत्तर मोटा. एका मोटेला दहा हंडे. गुरं नदीच्या डोहावर.

आता चाचांचा शब्द हवा होता. आम्ही दोघं गेलो तेव्हा ते मोसंबीच्या आळ्यातलं गवत काढत होते. तात्यांनी वही उघडली आणि तासभर समजावलं. चाचांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तात्या, ह्यातलं मला काय बी कळलं न्हाई. एकच सांगा. सकाळच्या पंच्याहत्तर मोटा गावाला दिल्या, तर माझी झाडं मृगापत्तूर जगत्याल का न्हाई? अठरा वर्सं झाली, पोरावानी वाढवलीत."

"जगतील."

"पक्कं?"

तात्या कावेचं भांडं घेऊन विहिरीत उतरले आणि आतल्या दगडावर एक तांबडी रेघ ओढली. "मृगाआधी पाणी ह्या रेघेखाली गेलं, तर माझा आकडा चुकला. त्या दिवशी गावाच्या मोटा बंद करा. मी स्वतः येऊन बैल सोडीन."

चाचा उठून हात झटकत म्हणाले, "मला आकडा न्हाई कळत. मानूस कळतो. घ्या पानी."

त्या दिवसांत महायुद्धामुळे लोखंडी नळ मिळायचा प्रश्नच नव्हता. तात्यांनी कुंभाराकडून खापरी नळ भाजून घेतले. पहिली भट्टी वाकडी निघाली. तात्यांनी प्रत्येक नळ डोळ्याला लावून त्यातून सूर्य बघितला आणि ज्यातून पुरता गोल दिसेना तो बाजूला ठेवला. कुंभार चिडला. "तात्या, ह्यातनं पानी जायाचंय. सूर्व्य न्हाई." दुसऱ्या भट्टीला मात्र तोच आधी डोळा लावून बघू लागला. चुना, ताग आणि जवसाचं तेल घोटून सांधे भरले. सगळं गाव चर खणायला आलं. नेहमी ओट्यावर बसणारा मीही आलो. माझ्या हाताला फोड आले, वडिलांनी बघितले आणि कुदळ माझ्या हातातच राहू दिली.

गुढीपाडव्याला पाणी सोडलं. चाचांनी पहिली मोट स्वतः हाकली. आम्ही खाली हौदाशी उभे. बराच वेळ काहीच नाही. मग नळातून वारा आला, मग एक बेडूक आला, आणि मग पाणी आलं. लोक ओरडले. वस्तीवरूनही ओरडणं ऐकू आलं, कारण त्यांच्याकडे ते आधी पोहोचलं होतं. बायजामावशीनं पहिली घागर भरली आणि तात्यांच्या डोक्यावर ओतली. तात्या भिजून उभे होते आणि म्हणत होते, "मावशी, अडीच गॅलन. अडीच गॅलन वाया घातलेत आपण."

मला त्यांचं सुख त्या महिन्याभरात जसं दिसलं, तसं नंतर फार थोड्या माणसांचं दिसलं. ते सकाळी विहिरीवर, मग हौदावर, मग पुन्हा विहिरीवर. पाणी रोज रेघेच्या वरच. ते रेघेशी बोलत असावेत अशी मला शंका होती.

आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, पाणी उतरायला लागलं. आधी बोटभर, मग वीतभर. हौद दुपारच्या आतच रिकामे होऊ लागले. लोकांनी ओरड केली, मोटकऱ्यांनी आणखी दहा मोटा सोडल्या, मग आणखी वीस. एके सकाळी तात्या विहिरीतून वर आले आणि बांबूवरची ओली खूण त्यांनी माझ्यापुढे धरली. पाणी रेघेच्या हातभर खाली गेलं होतं. मृगाला महिना होता. वर बागेत मोसंबीची पानं सुरळी होऊन उभी होती.

"नळ फुटला असेल," ते म्हणाले. दोन दिवस आम्ही माथ्यापासून गावापर्यंत चर उकरून एकेक सांधा बघितला. सगळे ठणठणीत. कुंभार कमरेवर हात ठेवून बरोबर चालत होता आणि प्रत्येक सांध्याला विचारत होता, "गळतोय? सांगा, गळतोय?" मी सगळे गुणाकार पुन्हा केले. एकही चुकला नव्हता. तात्यांनी जेवण सोडलं. बायजामावशीनं भाकरी आणून ठेवली आणि पहिल्यांदाच भांडण न करता परत गेली.

तिसऱ्या सकाळी आम्ही हौदाच्या कठड्यावर बसलो. बायका पाणी भरत होत्या. तात्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "बी.ए., ह्यांतल्या निम्म्या बायका मी कधी पाहिलेल्या नाहीत."

मी बघितलं. हिरवी लुगडी, बांगड्यांनी भरलेले हात, कडेवर मुलं. एकमेकींना हाका, हसणं, पाणी उडवणं.

"मावशी," तात्यांनी विचारलं, "ह्या सगळ्या कोण?"

बायजामावशीनं घागर खाली ठेवली. "कोन म्हंजे? लेकी हायेत की गावाच्या. म्हायेरला आल्यात."

"कधी आल्या?"

"आखितीला. दर साली येत्यात. आता मृगापत्तूर ऱ्हात्याल, मंग जावई येऊन न्हेत्याल."

"लेकरांसकट?"

"मंग लेकरं काय सासूला धुनं धुवायला ठेवत्यात?" मावशी म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! तात्यांनी लेकी मोजल्याच न्हाईत!"

हौदावर जो हशा उठला, तो थांबेना. आम्ही रांजण पौषात मोजले होते. पौषात लेकी सासरी असतात. आणि ज्याला बहीण नाही, बायको नाही, ज्याचा जन्म कालव्याच्या चाळीत गेला, त्याला वर्षातला दीड महिना गाव दुप्पट होतं हे कुठून ठाऊक असणार? पण मला? माझी अक्का सहा दिवसांपूर्वी तीन मुलांना घेऊन घरी आली होती. त्याच सकाळी तिनं माझ्या पाठीवर थाप मारून मला उठवलं होतं. बी.ए.चे सगळे गुणाकार करताना ती एकदाही माझ्या मनात आली नव्हती. ती हौदावरच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला बी न्हाई धरलं व्हय रं?"

तात्या हसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उन्हातून विहिरीकडे निघाले. मी मागे. चाचांसमोर उभं राहून ते म्हणाले, "माझा आकडा चुकला. ठरल्याप्रमाणे गावाच्या मोटा बंद. बैल सोडतो."

चाचांनी त्यांचा हात धरला. "थांबा. का चुकला?"

तात्यांनी सांगितलं. चाचा मागे वळून घराकडे बघत राहिले. अंगणात त्यांची मुलगी, खर्ड्याला दिलेली, आपल्या पोराला न्हाऊ घालत होती.

"म्हंजे ही बी न्हवती तुमच्या हिशेबात," चाचा म्हणाले. "तात्या, लेकी घरी आल्यात आन् मी पानी तोडू? झाडं जातील तर जातील. शब्दातनं मी सोडवलं तुमाला."

"मी नाही सोडवून घेणार," तात्या म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज एकदाच चढला तो तेव्हा. "बाग जाणार नाही. मागणी वाढलीय, तर पुरवठा वाढवू. ज्यांच्यामुळे वाढली त्यांनी वाढवायचा."

"लेकींनी?"

"जावयांनी."

संध्याकाळी हौदाच्या कठड्यावर उभं राहून तात्यांनी सगळ्या लेकींना सांगितलं. गावातला आड गाळानं भरलाय. तो उपसला, तर धुण्याभांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी तिथून मिळेल आणि चाचांच्या विहिरीवरचा भार निम्मा होईल. गावातले पुरुष नांगरटीत अडकलेत. तेव्हा जो जावई बायकोला न्यायला येईल, त्यानं आधी पंचवीस पाट्या गाळ काढावा. नाहीतर बायको मिळणार नाही.

गावातल्या सासवा हादरल्या. जावयाला पाटावर बसवायचं, पुरणपोळीवर तूप वाढायचं, की आडात उतरवायचं? पाटलीणबाई रडायच्याच बाकी होत्या. पण लेकींना हे फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सासरी निरोप धाडले, की लवकर या.

पहिले आले माझे मेहुणे. अक्का दारातच उभी. "आधी पंचवीस पाट्या. त्याबिगर मी गाडीत बसनार न्हाई."

"पर जावई हाय मी ह्या घरचा!"

"म्हनूनच पंचवीस. परका असता तर धा."

ते उतरले. मग एकेक येत गेले. कुणी कुरकुरलं, कुणी पैज लावली. वरून लेकी मोजत होत्या आणि पाटी भरली नसली तर परत पाठवत होत्या. "ही अर्धी हाय! मोजत न्हाई आमी." तात्या आडाच्या काठावर छत्री घेऊन उभे, प्रत्येक जावयाला नावानिशी अहो-जाहो. पाटलांचे जावई मिरजगावचे व्यापारी, जरीचा पटका घालून आले होते. दोन दिवस ओट्यावर पान खात बसले. तिसऱ्या दिवशी पाटलांची मुलगी पाण्याची रिकामी घागर घेऊन त्यांच्यासमोर जी येऊन बसली, ती उठेचना. शेवटी त्यांनी पटका काढून तिच्या हातात दिला आणि आडात उतरले. त्या दिवशी गाव आडाच्या भोवती लोटलं. वस्तीचे चार जावईही आले होते. पहिल्या दिवशी त्यांना कुणी आडाला हात लावू देईना, तेव्हा तात्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "मग मीच उतरतो त्यांच्याऐवजी. त्यांच्या वाटच्या शंभर पाट्या होतात." त्यांचा पाय पहिल्या पायरीवर पडल्यावर लोक बाजूला झाले.

झरा सापडला तो चाचांच्या जावयाला. खर्ड्याकडचा दणकट गडी, विहिरी फोडायचंच काम करणारा. बाराव्या दिवशी त्यानं तळाच्या कपारीत पहार घातली आणि वर ओरडला, "तात्या, गार लागतंय!" पाणी मचूळ होतं, पण भरपूर होतं. त्या संध्याकाळी सगळे जावई चिखलानं माखलेले एका ओळीत आडाच्या कट्ट्यावर बसले, आणि सासवांनी तिथंच पानं मांडून त्यांना पुरणपोळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून गावाच्या मोटा पंचेचाळीसवर आल्या. चाचांच्या विहिरीतलं पाणी बोटाबोटानं चढत मृगाच्या चार दिवस आधी रेघेला लागलं. कडेची पाच मोसंबीची झाडं गेली. बाकीची राहिली, आणि पाऊस पडल्यावर फुटली. त्या पाच झाडांपाशी तात्या बराच वेळ उभे राहिले. चाचा म्हणाले, "चला आता. उरलेली हिरवी हायेत ती बगा." तात्यांनी ती सगळी मोजली, मगच ते निघाले.

माझी नोकरी त्या दिवाळीत लागली. पण पौषात चार दिवस रजा काढून मी गावी आलो, कारण तात्यांचं पत्र आलं होतं: पुन्हा मोजायचंय. या वेळी वहीत एक नवीन रकाना होता. प्रत्येक घरात रांजण मोजून झाला की तात्या विचारत, "लेकी किती? कुठे दिल्या? मुलं किती? कधी येणार?" जिथं रांजणाला पाच मिनिटं लागली होती तिथं आता तास जाऊ लागला. आया सगळं सांगत. कुणाची सासू कशी, कुणाला दिवस गेलेत, कुणाला काय खायला आवडतं. तात्या मांडी घालून सगळं ऐकत, मध्ये बोलत नसत, आणि शेवटी मला आकडा सांगत.

बायजामावशीचं घर शेवटी आलं. रांजण छोटासाच.

"लेकी?" तात्यांनी विचारलं.

मला वाटलं, मावशी काहीतरी टोमणा मारील. ती रांजणाला टेकून बसली. मग म्हणाली, "एक हाय. घोडेगावाकडं दिली. पाच वर्सं झाली, धाडलं न्हाई त्यांनी. ती येत न्हाई. लिवू नगा."

मी पेन्सिल उचलली. मला त्या बाईला एक मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. गावात कुणी बोलत नसे.

"लिहा, बी.ए.," तात्या म्हणाले. "दोन हंडे."

"आवं, येत न्हाई म्हनलं ना!"

"मावशी, आली तर? ती आली आणि पाणी कमी पडलं, तर माझा आकडा पुन्हा चुकेल. मला नाही चालायचं ते."

मी दोन लिहिले. मावशी पदरानं रांजणाचं झाकण पुसत राहिली. आम्ही उठून दारापर्यंत आलो, तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"किती लिवलं?"

"दोन," मी म्हणालो.

"तिला जास्ती लागतं. क्यास लांब हायेत तिचं, गुडघ्यापत्तूर. धुवायलाच येक हंडा जातो. तीन लिवा."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उंबऱ्यावर बसलो, दोन खोडले आणि तीन लिहिले.